फेरी संपली, पण सर्व्हिस संपत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांसाठी अँड्रॉइड ॲप केलंय. फडातून निघताना ड्रायव्हर ‘फेरी सुरू’ दाबतो आणि कारखान्याच्या काट्यावर वजन झालं की ‘फेरी संपली’. मधल्या वेळात फोरग्राउंड सर्व्हिस (नोटिफिकेशन दाखवत, स्क्रीन बंद असतानाही चालू राहणारा ॲपचा भाग) दर दहा सेकंदांनी लोकेशन घेते. तक्रारी तीन आहेत. काही फोनवर ‘संपली’ दाबूनही नोटिफिकेशन जात नाही. दोन्ही बटणं पाठोपाठ दाबली की ॲप क्रॅश होतं. आणि काही ड्रायव्हरांच्या फोनवर सर्व्हिस वाटेतच मरते. शेवटी विचारलंय, ‘सर्व्हिस सोडून सरळ वर्कमॅनेजर वापरू का?’

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते: ट्रॅकिंगसाठी नाही, अपलोडसाठी हो. वर्कमॅनेजर म्हणजे कामं सवडीने करून घेणारी अँड्रॉइडची लायब्ररी. त्याचं ठरावीक वेळाने होणारं काम किमान १५ मिनिटांच्या अंतरानेच चालतं, आणि तेही सिस्टीमच्या सवडीने. तेवढ्यात तुमचा ट्रॅक्टर एक गाव ओलांडून जाईल. सलग आणि ड्रायव्हरला दिसत राहणाऱ्या कामासाठी फोरग्राउंड सर्व्हिस हेच योग्य साधन आहे, तेव्हा तुमची निवड बरोबर आहे. चूक दुसरीकडे आहे, आणि मीही ती दोन वर्षं केली आहे.

तुमच्या कोडच्या वर्णनात एक वाक्य आहे: ‘फेरी चालू आहे का हे बघायला मी गेट रनिंग सर्व्हिसेसने सर्व्हिस चालू आहे का ते तपासतो.’ (मेथडची नावं देवनागरीत लिहिते आहे, ओळखून घ्या.) ती मेथड अँड्रॉइड ८ पासून डेप्रिकेटेड (वापरू नका असं सांगितलेली) आहे आणि आता फक्त आपल्याच ॲपच्या सर्व्हिस दाखवते. पण ते सोडा. खरा घोळ असा की तुम्ही फेरी आणि सर्व्हिस या दोन गोष्टी एकच धरल्या आहेत. फेरी हा तुमचा हिशेब आहे. ती ड्रायव्हरने सुरू केली आणि तोच ती संपवणार. सर्व्हिस मात्र सिस्टीमच्या ताब्यातली आहे. आपण ती सुरू करा, थांबवा अशी विनंती करतो. प्रत्यक्षात कधी जन्माला घालायची, कधी मारायची, हे अँड्रॉइड ठरवतं. मुकादमाची वही आणि मजूर यांच्यात जो फरक, तोच इथे. मजूर मध्येच निघून गेला म्हणून वहीतली नोंद पुसायची नसते.

म्हणून पहिला बदल: फेरीची अवस्था डेटाबेसमध्ये ठेवा. रूममध्ये (अँड्रॉइडची डेटाबेस लायब्ररी) एक टेबल पुरे. फेरीचा क्रमांक, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ. संपल्याची वेळ रिकामी असेल तर फेरी चालू. स्क्रीनवरचं बटण काय दाखवणार, सर्व्हिसने काम करायचं की नाही, नोटिफिकेशन असावं की नसावं, हे सगळं त्या एका रकान्यावरून ठरवा. सर्व्हिस जिवंत आहे का, हा प्रश्न ॲपमध्ये कुठेच विचारावा लागू नये. हा बदल केलात की तिन्ही तक्रारींचं रूपच बदलतं. पण प्रत्येकीचं कारण वेगळं आहे, म्हणून एकेक घेते.

नोटिफिकेशन न जाण्याची मी पाहिलेली कारणं मुख्यतः दोन. पहिलं मला एका दुधाच्या टँकरच्या केबिनमध्ये बसल्यावर कळलं. ॲप एका दूध संघासाठी होतं. ऑफिसमध्ये माझ्या हातात ते दर वेळी नीट थांबायचं, आणि रस्त्यावर दर दोन दिवसांनी तक्रार यायची. शेवटी पहाटेच्या फेरीला लॅपटॉप मांडीवर घेऊन टँकरमध्ये बसले. ड्रायव्हरने फोन रबरबँडने डॅशबोर्डला अडकवला होता, स्क्रीन चालू, चार्जर लावलेला. डेअरीच्या फाटकात आल्यावर ओल्या अंगठ्याने त्याने ‘संपली’ दाबलं आणि फोन तसाच ठेवून उतरून गेला. नोटिफिकेशन जागच्या जागी. मी मात्र ऑफिसात बटण दाबलं की सवयीने लगेच होम दाबायचे! फरक तेवढाच होता.

झालं होतं असं: चालू स्क्रीनवर किलोमीटर दाखवायला आमची ॲक्टिव्हिटी (म्हणजे ती स्क्रीन) सर्व्हिसला बाइंड झालेली, म्हणजे थेट जोडलेली होती. सर्व्हिस दोन दाव्यांनी बांधलेली असू शकते. एक दावं ‘स्टार्ट’चं, दुसरं ‘बाइंड’चं. स्टॉप सर्व्हिस म्हटलं की पहिलं सुटतं. बाइंड ऑटो क्रिएटचं दुसरं दावं बांधलेलं असेपर्यंत जनावर जागचं हलत नाही. ऑन डिस्ट्रॉय (सर्व्हिस मरताना चालणारी मेथड) येत नाही, आणि लोकेशन बंद करण्याचा कोड आम्ही नेमका तिथेच लिहिलेला. मी होम दाबल्यावर ऑन स्टॉपमध्ये अनबाइंड व्हायचं आणि सर्व्हिस मरायची. ड्रायव्हरच्या फोनवर ती स्क्रीन बंद होईपर्यंत जीपीएस ओढत राहायची.

तुमच्या कोडमध्ये बाइंडिंग असेल तर सरळ काढून टाका, असं मी सुचवेन. सर्व्हिसने लोकेशन डेटाबेसमध्ये लिहावं, स्क्रीनने डेटाबेसचा फ्लो (बदल कळवत राहणारा प्रवाह) ऐकावा. दोघांची गाठ पडायचं कारणच नाही. म्युझिक प्लेअर किंवा ब्लूटूथ उपकरणाशी सतत बोलणारं ॲप असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बाइंडिंगला अर्थ आहे.

दुसरं कारण जास्त छुपं आहे. प्रत्येक लोकेशन आलं की तुम्ही नोटिफिकेशनमधला मजकूर बदलता का, ‘आतापर्यंत १४ किमी’ वगैरे? बदलत असाल तर हे होतं: तुम्ही स्टॉप फोरग्राउंड केलंत, नोटिफिकेशन गेलं. पण एक लोकेशन वाटेत होतं. ते आलं, त्याच्या कॉलबॅकने त्याच आयडीने नोटिफाय केलं, आणि नोटिफिकेशन पुन्हा उगवलं. आता त्याच्यामागे सर्व्हिसच नाही. ते साधं नोटिफिकेशन आहे, पण ‘ऑनगोइंग’ लावलेलं असल्यामुळे अँड्रॉइड १४ च्या आधीच्या फोनवर बोटाने सरकतही नाही. ड्रायव्हरला वाटतं आपल्यावर अजून पाळत आहे, आणि तो ॲप काढून टाकतो. त्याचं काही चुकत नाही.

उपाय लहान आहे. लोकेशनचे कॉलबॅक मेन लूपरवर, म्हणजे मेन थ्रेडवर घ्या, थांबवण्याचा कोडही तिथेच चालवा, आणि नोटिफाय करण्याआधी ‘थांबतोय’ हा फ्लॅग तपासा. एकाच थ्रेडवर असल्याने आधी-नंतरचा गोंधळ उरत नाही. फक्त डेटाबेसचं लिहिणं बाजूच्या थ्रेडवर जाऊ द्या. सर्व्हिस मेन थ्रेडवरच चालते. ‘बॅकग्राउंड’ या नावामुळे ती आपोआप वेगळ्या थ्रेडवर असेल असा पुष्कळांचा समज असतो, तो खरा नाही.

या दोन्हींत बसत नसेल तर ॲक्टिव्हिटीच्या ऑन रिझ्यूममध्ये ‘सर्व्हिस बंद दिसली तर सुरू कर’ अशी एखादी ओळ राहिली आहे का, ते शोधा. ती बहुधा कुणीतरी तिसऱ्या तक्रारीवर उपाय म्हणून घातलेली असते, आणि तीच पहिली तक्रार तयार करते.

आता क्रॅश. त्याचा लॉग तुम्ही टाकलेला नाही, पण पैज लावून सांगते की त्यात ‘स्टार्ट फोरग्राउंड सर्व्हिस केलं आणि मग स्टार्ट फोरग्राउंड केलं नाही’ अशा अर्थाचं वाक्य असणार. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासूनचा हा नियम आहे. स्टार्ट फोरग्राउंड सर्व्हिस म्हणजे सिस्टीमला दिलेला शब्द: मी नोटिफिकेशन दाखवीन. कागदोपत्री मुदत ५ सेकंदांची. शब्द पाळला नाही की ॲप पाडलं जातं. तुमचा ड्रायव्हर चुकून ‘सुरू’ दाबतो, लगेच ‘संपली’ दाबतो. तुम्ही बाहेरून स्टॉप सर्व्हिस करता. सर्व्हिसला स्टार्ट फोरग्राउंडपर्यंत पोचायलाच मिळत नाही, आणि शब्द मोडल्याचा ठपका तुमच्या ॲपवर येतो. आपण तर ती बंद करा म्हणालो होतो, हे सिस्टीमच्या गावीही नसतं.

म्हणून मी बाहेरून स्टॉप सर्व्हिस करणं पूर्ण बंद केलं आहे. थांबवायचं असेल तर सर्व्हिसलाच निरोप पाठवते: इंटेंटमध्ये (अँड्रॉइडमधली निरोपाची चिठ्ठी) ‘थांब’ ही ॲक्शन घालून साधं स्टार्ट सर्व्हिस. इंटेंट ज्या क्रमाने पाठवले त्याच क्रमाने ऑन स्टार्ट कमांडमध्ये येतात. आधी ‘सुरू’ येईल, त्यात पहिल्याच ओळीला स्टार्ट फोरग्राउंड होईल, मग ‘थांब’ येईल आणि सर्व्हिस स्वतःला संपवेल. शब्द पाळला गेला, क्रॅश नाही. यात एक बारीक गोष्ट सांभाळा. ‘थांब’ पाठवताना स्टार्ट फोरग्राउंड सर्व्हिस वापरू नका, साधं स्टार्ट सर्व्हिसच वापरा. सर्व्हिस आधीच मेलेली असेल तर ‘थांब’साठी ती क्षणभर जन्माला येईल आणि जाईल. फोरग्राउंडवालं वापरलंत तर त्या क्षणभराच्या जन्मातही नोटिफिकेशनचा शब्द पाळावा लागेल. ॲप समोर उघडं असताना साध्या स्टार्ट सर्व्हिसला काही आडकाठी नाही. नोटिफिकेशनवरच्या ‘फेरी संपवा’ बटणालाही हाच इंटेंट पेंडिंग इंटेंट म्हणून जोडता येतो. अँड्रॉइड १२ ला टार्गेट करत असाल तर त्यावर इम्युटेबल किंवा म्युटेबल यांतला एक फ्लॅग लिहावाच लागतो, इथे इम्युटेबल, एवढं लक्षात असू द्या.

‘पहिल्याच ओळीला’ म्हणाले ते शब्दशः घ्या. मी पाहिलेल्या एका कोडमध्ये ऑन क्रिएटमध्ये डेटाबेस उघडणं, जुन्या नोंदी साफ करणं, मग नकाशाची फाईल वाचणं, आणि सगळ्यात शेवटी स्टार्ट फोरग्राउंड होतं. नव्या फोनवर चालायचं. दोन जीबी रॅमच्या फोनवर पाच सेकंद कुठे गेले कळायचं नाही.

थांबण्याचा माझा क्रमही सांगते. ‘थांब’ आलं की आधी डेटाबेसमध्ये फेरी संपल्याची वेळ लिहायची. मग लोकेशन अपडेट काढायचे, कोरूटीन स्कोप (मागे चाललेल्या कामांचा गट) रद्द करायचा, नोटिफिकेशन काढून स्टॉप फोरग्राउंड, मग स्टॉप सेल्फ, आणि उरलेल्या नोंदी वर पाठवायला वर्कमॅनेजरला एक काम सोपवायचं, नेटवर्क असेल तेव्हा करायच्या अटीवर. फडात रेंज नसतेच, त्यामुळे अपलोडचं ओझं सर्व्हिसवर टाकू नका. यातला लोकेशन आणि कोरूटीनचा भाग एका वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा, दोनदा चाललं तरी बिघडणार नाही असं, आणि तेच ऑन डिस्ट्रॉयमधूनही बोलवा. स्टॉप फोरग्राउंडने सर्व्हिस थांबत नाही, फक्त नोटिफिकेशन आणि अग्रक्रम जातो. आणि स्टॉप सेल्फने तुमचे थ्रेड किंवा लोकेशनचे कॉलबॅक थांबत नाहीत. प्रत्येकाला वेगळं थांबवावं लागतं.

तिसरी तक्रार, वाटेत मरणं. इथे ‘अवलंबून आहे’ असं मला प्रामाणिकपणे म्हणावं लागेल, कारण फोनागणिक उत्तर बदलतं. अंदाज बांधण्यापेक्षा फोनलाच विचारा. अँड्रॉइड ११ पासून गेट हिस्टॉरिकल प्रोसेस एक्झिट रीझन्स ही सोय आहे. ॲप पुढच्या वेळी उघडलं की मागच्या वेळी प्रोसेस का गेली, ते कारण मिळतं. मेमरी कमी पडली, क्रॅश झाला, की वापरणाऱ्याने मारली. ते कारण डेटाबेसमध्ये लिहून सर्व्हरला पाठवा. आम्ही हे लावलं तेव्हा ज्याला आम्ही ‘फोनचा दोष’ म्हणत होतो त्यातले निम्म्याहून जास्त आमचेच क्रॅश निघाले. सर्व्हिसला स्टिकी, म्हणजे ‘मेलीस तर पुन्हा ऊठ’ असं लावलेलं होतं. मेमरीसाठी प्रोसेस मारली गेली की सिस्टीम सर्व्हिस पुन्हा उभी करायची, पण इंटेंट नल (रिकामा) द्यायची. आमच्या कोटलिनमध्ये इंटेंट नल नसेलच असं गृहीत धरलेलं. उठली की पडली.

‘वापरणाऱ्याने मारली’ हे कारणही तितकंच येईल. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनच्या पडद्यात चालू ॲपची यादी येते आणि तिथे ‘थांबवा’ असं बटण असतं. ते दाबलं की पूर्ण ॲप मेमरीतून जातं, आणि तुमच्या कोडला काडीचाही निरोप मिळत नाही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये अलीकडच्या ॲपच्या यादीतून ॲप सरकवलं तरी फोर्स स्टॉपसारखाच परिणाम होतो, आणि ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी वेगळी द्यावी लागते. त्यावर कोडमध्ये पक्का इलाज नाही. आम्ही पहिल्या वापराला एक चित्रांची स्क्रीन दाखवतो आणि फोन देतानाच सेटिंग करून देतो. कारखान्याच्या शेतकी विभागातल्या एखाद्या माणसाला ते शिकवलंत तर तुमचे निम्मे फोनकॉल वाचतील.

मग मेलेली सर्व्हिस पुन्हा उभी करायची कशी? इथे परवानग्यांचा मुद्दा येतो. ड्रायव्हर स्वतः ॲप उघडून बटण दाबतो आणि त्या क्षणी लोकेशन प्रकारची फोरग्राउंड सर्व्हिस सुरू होते. मग स्क्रीन बंद केली तरी ‘ॲप वापरताना’ एवढ्या परवानगीवर लोकेशन मिळत राहतं. ‘कायम परवानगी द्या’ मागायची गरज नाही. ती मागितलीत की प्ले स्टोअरवर वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागतं आणि ड्रायव्हरही बिचकतात. मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टीमला सांगणारी फाईल) सर्व्हिसचा प्रकार लोकेशन लिहा. अँड्रॉइड १४ ला टार्गेट करत असाल तर त्या प्रकाराची वेगळी परवानगीही तिथे लागते, नाहीतर सर्व्हिस सुरू होतानाच अपवाद फेकला जातो.

याची दुसरी बाजू अशी की मेलेली सर्व्हिस मागच्या मागे, ड्रायव्हरच्या नकळत उभी करता येत नाही. अँड्रॉइड १२ पासून ॲप मागे असताना फोरग्राउंड सर्व्हिस सुरू करायला, मोजके अपवाद सोडले तर, मनाई आहे. त्यात १४ वर लोकेशनचा प्रकार आणि ‘कायम’ परवानगी नाही, म्हणजे दार बंदच. तेव्हा स्टिकी ठेवलंत तर नल इंटेंटचा रस्ता असा लिहा: डेटाबेसमध्ये चालू फेरी आहे का बघायचं. नसेल तर लगेच स्टॉप सेल्फ. असेल तर स्टार्ट फोरग्राउंड करून पाहायचं, अपवाद आला तर पकडायचा, आणि एक साधं नोटिफिकेशन टाकायचं: ‘फेरी चालू आहे, नोंद थांबली आहे. इथे दाबा.’ ड्रायव्हरने ते दाबलं की ॲप समोर येतं, तिथून सर्व्हिस नियमाने सुरू करता येते. मधल्या वेळेचं लोकेशन गेलं ते गेलं. नकाशावर तिथे तुटक रेघ काढा. अंदाजाने सरळ रेघ ओढू नका, नाहीतर डिझेलचा हिशेब करणारा माणूस तुमच्याशी भांडायला येईल.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ऊसवाहतूक म्हटल्यावर राहवत नाही. ट्रॅक्टर यार्डात नंबरला लागला की तासन् तास जागचा हलत नाही. फेरी चालूच असते, कारण वजन झालेलं नाही. दर दहा सेकंदांनी लोकेशन घेतलंत तर बॅटरी तिथेच संपेल, आणि मग ‘संपली’ दाबायला फोनच चालू नसेल. लोकेशन रिक्वेस्टमध्ये किमान अंतर ५० मीटर ठेवा. यार्डाच्या हद्दीत आल्यावर दहा सेकंदांऐवजी पाच मिनिटं करा. सर्व्हिस थांबवायची नाही, तिला फक्त डुलकी घेऊ द्यायची. आणि काट्यावरच्या संगणकातून वजनाची पावती सर्व्हरला जात असेल, तर फेरी संपल्याची खरी नोंद तीच आहे. ड्रायव्हर बटण दाबायला विसरणार हे धरूनच चाला.

आता करून बघायची चाचणी. डीबग बिल्ड फोनवर टाका, फेरी सुरू करा, स्क्रीन चालू ठेवून ‘संपली’ दाबा, आणि होम न दाबता संगणकावरून ‘एडीबी शेल डम्पसिस ॲक्टिव्हिटी सर्व्हिसेस’ पुढे पॅकेजचं नाव लिहून चालवा. सर्व्हिस यादीत दिसलीच नाही तर उत्तम. दिसली, ‘स्टार्ट रिक्वेस्टेड’ फॉल्स आणि ‘इज फोरग्राउंड’ ट्रू असेल, तर खाली कनेक्शनची ओळ शोधा. ती सापडली की दुसरं दावं सापडलं. सर्व्हिस यादीत नाही पण नोटिफिकेशन पडद्यावर आहे, तर उशिरा आलेल्या लोकेशनचा प्रकार. मग ‘सुरू’ आणि ‘संपली’ वीस वेळा पटापट दाबा, शक्य तितक्या जुन्या फोनवर. शेवटी फेरी चालू असताना रन ॲज वापरून प्रोसेसला किल करा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसा की काय परत येतं.

डम्पसिसचा तो उतारा आणि क्रॅशचा लॉग पॅकेजचं नाव बदलून टाका, आणि फोनवर अँड्रॉइडची कुठली आवृत्ती आहे तेही लिहा. बाइंडिंग आहे की नाही हे कळलं की पुढचं बघू.